चार हजारांची रेघ: एका म्हाडा इमारतीच्या पुनर्विकासाचं प्रकरण

प्रकरण कोणाचं

कन्नमवार नगर, टागोर नगर, पंतनगर, नेहरूनगर, टिळकनगर. मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या म्हाडा वसाहतींची ही नावं. हे प्रकरण यांच्यातल्याच एकीचं किंवा यांच्यासारख्याच एखादीचं आहे असं धरून चाला. ओळख लागू नये म्हणून इमारतीचा नंबर, माणसांची नावं गाळली आहेत आणि सोसायटीचे आकडे थोडे गोल केले आहेत. नियमांचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

तळमजला अधिक तीन मजले, 40 खोल्या, प्रत्येकी साधारण 220 चौरस फूट कार्पेट (भिंतींच्या आतली जागा), समोर सामाईक गॅलरी. साठच्या दशकात अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेली इमारत. एलबीएस मार्गावरच्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसांनी त्या वेळी भाड्यानं घेतलेल्या खोल्या पुढे मालकीच्या झाल्या, सोसायटी नोंदली गेली, इमारतीचं सेल डीड आणि जमिनीचं लीज डीड झालं. जमीन म्हाडाचीच राहिली. भूखंड सुमारे 1,100 चौरस मीटर.

मी 2018 पासून सोसायटीच्या बाजूनं प्रकल्प सल्लागार, म्हणजे बोलीतला पीएमसी, म्हणून काम पाहिलं. त्याआधीचं जे सांगतो ते इतिवृत्ताच्या वह्यांमधून आणि माजी सेक्रेटरींच्या तोंडून आलेलं आहे. ते गृहस्थ स्वतः फिटर होते. वहीत बाकी सगळं चुकलं तरी तारीख कधी चुकली नाही.

पार्श्वभूमी: नियम फिरत गेला

डिसेंबर 2008 मध्ये राज्य सरकारनं विकास नियंत्रण नियमावलीच्या 33(5) खाली म्हाडा वसाहतींच्या पुनर्विकासाला 2.5 एफएसआय दिला, म्हणजे भूखंडाच्या अडीच पट बांधकामाची मुभा. वाढीव बांधकामासाठी दोन वाटा होत्या. म्हाडाला प्रीमियम, म्हणजे ठरलेले पैसे भरायचे, नाहीतर वाढीव क्षेत्रातला हिस्सा बांधीव घरांच्या रूपात द्यायचा. जो तो पहिल्या वाटेनं गेला.

2010 मध्ये सरकारनं ती वाट बंद केली. पैसे नकोत, घरं द्या. हेतूत खोट काढायला जागा नव्हती. मुंबईत म्हाडाकडे मोकळी जमीन जवळपास उरली नव्हती. सोडतीसाठी घरं कुठून आणायची, तर आपल्याच जुन्या वसाहतींतून. 2013 मध्ये एफएसआय 3 पर्यंत वाढवला, पण अट तीच ठेवली.

आणि वसाहतींतलं काम थांबलं. काही वर्षं कुठल्याही नाक्यावर तुम्हाला अर्धवट पाडलेल्या नाहीतर पाडायचं ठरवून न पाडलेल्या इमारती दिसत. बिल्डर लोभी होते असं म्हणून हा प्रश्न निकालात काढता येतो, पण गणित मांडून पाहा. आमच्या 1,100 चौरस मीटरवर 3 एफएसआय म्हणजे 3,300 चौरस मीटर. त्यातून जुन्या 40 घरांना प्रत्येकी किमान 35 चौरस मीटर कार्पेट. भिंती, जिने, लॉबी धरून सोळाशेच्या आसपास गेलं. विकायला उरलं सोळाशे-सतराशे. यातूनच रहिवाशांचं तीन वर्षांचं भाडं, कॉर्पस म्हणजे ठेव निधी, बांधकाम, कर्जाचं व्याज आणि नफा निघायचा. यातलाच मोठा लचका म्हाडाच्या घरांना दिला, तर उरलेल्यावर कोणी हात घालत नाही. शिवाय इतक्या लहान भूखंडावर एकच इमारत बसते. एकाच लिफ्टमध्ये रहिवाशांचे, विक्रीचे आणि सोडतीचे असे तीन प्रकारचे घरमालक. बाजारभावानं घर घेणारा गिऱ्हाईक तिथे नाक मुरडतो. चुकीचं आहे, पण मुरडतो.

जुलै 2017 मध्ये प्रीमियम परत आला आणि सोबत एक रेघ आखली गेली. 3 एफएसआयपर्यंतच्या वाढीव क्षेत्रासाठी लहान भूखंडानं पैसे भरले की झालं. भूखंड 4,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल आणि समोर 18 मीटरचा रस्ता असेल, तर 4 एफएसआयपर्यंत जाता येईल, मात्र वरच्या हिश्शात म्हाडाला घरं द्यावी लागतील. रहिवाशांच्या पदरात काय पडणार तेही याच रेघेवर ठरतं. जुन्या कार्पेटवर 35 टक्के, किमान 35 चौरस मीटर, हा मूळ हक्क सगळ्यांना आहे. त्यावरचं ज्यादा क्षेत्र 4,000 च्या आत शून्य आणि 4,000 पासून 2 हेक्टरपर्यंत 15 टक्के.

पुढचे बदलही लगोलग आले. मे 2018 मध्ये म्हाडाला स्वतःच्या वसाहतींसाठी नियोजन प्राधिकरणाचा दर्जा मिळाला, म्हणजे नकाशासाठी पालिकेकडे जाणं वाचलं. 1 सप्टेंबर 2018 पासून विकास आराखडा 2034 ची नवी नियमावली लागू झाली. जुलै 2019 मध्ये सहकार कायद्याच्या 79 अ खालचे निर्देश बदलले आणि 2009 मधली तीन-चतुर्थांशाची अट 51 टक्क्यांवर आली. वेग वाढवायचा म्हणून जे काही करता येण्याजोगं होतं, ते बहुतेक या दोन वर्षांत झालं.

अडचण

2018 च्या पावसाळ्यात जिन्याखाली दोन लोखंडी टेकू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात स्लॅबचा पोपडा पाटाएवढा खाली आला. घरात कोणी नव्हतं, एवढंच नशीब. स्ट्रक्चरल ऑडिट झालं. दुरुस्तीचा अंदाज आला आणि तो ऐकून सभा दोन मिनिटं गप्प राहिली.

पण इमारतीपेक्षा जुनं दुखणं कागदांत होतं. 2009 मध्ये सोसायटीनं एका बिल्डरशी सामंजस्य करार केला होता. 450 फुटांचं घर, थोडा कॉर्पस. त्यानं इमारतीला रंग दिला, गणपतीला घसघशीत वर्गणी दिली. 2010 मध्ये प्रीमियमची वाट बंद झाल्यावर त्यानं येणं बंद केलं. करारात मुदतीचा रकानाच नव्हता. 2017 नंतर नवे बिल्डर दारात उभे राहिले तसं या जुन्याच्या वकिलाचं पत्र आलं: आमचा हक्क शाबूत आहे. पोस्टमननं ते तळमजल्यावरच्या मेसमध्ये दिलं आणि डब्यांच्या पावत्यांत ते आठ दिवस पडून राहिलं.

तिसरी गोष्ट त्या वेळी कोणालाच अडचण वाटली नव्हती, मलाही नाही. 40 पैकी 11 खोल्यांत मूळ मालक राहत नव्हते. कोणी कल्याणला गेलेले, कोणी गावी. तिथे भाडेकरू होते: रिक्षावाले, एक वॉर्डबॉय, स्वयंपाकाची कामं करणाऱ्या बाया. अकरा महिन्यांचा करार, काही ठिकाणी तोही नाही.

समोरचे पर्याय

दुरुस्तीचा पर्याय एका बैठकीत संपला. 220 फुटांत तिसरी पिढी राहत होती. त्यांना सिमेंट नको होतं, खोली हवी होती.

स्वयंपुनर्विकासाची चर्चा दीड वर्ष चालली. 13 सप्टेंबर 2019 च्या शासन निर्णयानं स्वतः इमारत बांधणाऱ्या सोसायट्यांना सवलती दिल्या: 10 टक्के ज्यादा चटईक्षेत्र, एक खिडकी, तीन वर्षांत काम पुरं करण्याची अट. मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची कर्जयोजनाही होती. बिल्डरच्या खिशात जाणारा नफा घरांच्या आकारात यावा, ही कल्पना कोणाला नको असेल? मी स्वतः तिच्या बाजूचा होतो. फीजिबिलिटी रिपोर्टमध्ये, म्हणजे व्यवहार्यता अहवालात, आकडे बसत होते.

माणसं बसत नव्हती. कमिटीतले सातपैकी पाच जण साठीच्या पुढचे. विक्रीचा पहिला रुपया यायच्या आधी प्रीमियम भरायचा, आर्किटेक्ट, ठेकेदार, भाडी सांभाळायची. कर्जाच्या कागदांवर सोसायटीच्या वतीनं सह्या करायच्या. सभेत खजिनदारांनी विचारलं, “उद्या काम अडकलं तर बँकेचा माणूस कोणाच्या दारात येणार?” सगळ्यांनी मान खाली घातली आणि विषय मिटला. घर न गमावण्याची धडपड ज्यांनी आयुष्यभर केली, त्यांना जोखीम घ्या म्हणणं सोपं असतं. ती दुसऱ्याच्या घराची असते म्हणून.

मग राहिले दोन: एकटं जाणं किंवा शेजाऱ्यांना घेऊन जाणं. माझ्या मते प्रकरणाची गाठ इथे आहे.

आमच्या इमारतीसकट चार इमारती एका मोकळ्या पटांगणाभोवती उभ्या आहेत. मध्ये म्हाडाच्या मालकीचे दोन टिटबिट भूखंड, म्हणजे वसाहतीचा अभिन्यास (लेआउट) आखताना उरलेल्या चिंधोट्या: एक तिरकी पट्टी आणि एक त्रिकोण. चारही भूखंड आणि या चिंधोट्या धरल्या तर बेरीज 4,300 चौरस मीटरच्या पुढे जात होती. रेघ ओलांडली जात होती. 4 एफएसआय, प्रत्येक जुन्या घराला 15 टक्के ज्यादा, आणि म्हाडाच्या वाट्याची घरं बसवायला स्वतंत्र विंग. आम्ही नकाशा काढला. पटांगण शाबूत ठेवून दोन टॉवर आणि मागच्या बाजूला सोडतीच्या घरांची इमारत, तिला वेगळं प्रवेशद्वार नव्हे तर तोच मुख्य रस्ता. हा नकाशा मला अजूनही आवडतो.

मात्र 18 मीटरच्या रस्त्याला चारपैकी एकच इमारत लागून होती. ती एकत्र आली तरच सगळ्यांना रस्ता मिळणार. हे त्यांच्या सेक्रेटरीला आमच्या आधी कळलं. गणपतीच्या मांडवात, विसर्जनानंतर, रिकाम्या खुर्च्यांवर चार कमिट्या बसल्या तेव्हा त्यांनी सरळ मागणी ठेवली: रस्ता आमचा, तर आम्हाला इतरांपेक्षा 70 फूट जास्त. तिसऱ्या इमारतीत वारसांचं भांडण कोर्टात होतं. चौथीनं कोणाला न सांगता एका बिल्डरला लेखी होकार देऊन टाकला होता. आमच्याकडे तो जुना करार होता, म्हणजे आम्हीही धुतल्या तांदळासारखे नव्हतो.

पाच बैठका झाल्या. 70 फुटांवरून बोलणी 40 वर आली आणि तिथे अडली. वहीत पाचव्या बैठकीची नोंद एका ओळीची आहे: “चहा झाला. निर्णय नाही.”

त्या 40 फुटांसाठी आम्ही आणखी सहा महिने द्यायला हवे होते का? तेव्हा मी कमिटीला ‘नको’ असं सांगितलं. जिन्याखाली टेकू होते, पुढचा पावसाळा डोक्यावर होता आणि एकटं गेलं तर 51 टक्के संमती हातात होती. एकत्र जायचं तर चार सोसायट्यांच्या चार सभा, चार ठराव, आणि वरच्या एफएसआयसाठी सरकारची वेगळी मान्यता. एकट्या वाटेला प्रीमियम भरला की पावती मिळत होती. नियमानं वेगवान रस्ता लहान भूखंडाच्या बाजूला ठेवला होता. आम्ही नियम वाचला आणि त्यानं दाखवलेल्या दिशेनं गेलो.

काय केलं

आधी जुना बिल्डर. कायदेशीर सल्ला असा की दावा तकलादू आहे, पण कोर्टात गेला तर दोन-तीन वर्षं खाईल. सोसायटीनं विशेष सर्वसाधारण सभेत करार रद्द केला, नोटीस दिली आणि बोलणी उघडी ठेवली. शेवटी नव्या बिल्डरनं त्याला रक्कम देऊन सोडवलं. ती रक्कम कुठून आली हे वेगळं सांगायला नको. आमच्या घरांच्या फुटांतून आली.

निविदा मागवल्या. पाच आल्या, तीन छाननीत टिकल्या. उपनिबंधकांच्या प्रतिनिधीसमोर, चित्रीकरण करत सभा झाली. 40 पैकी 33 जणांनी एका बिल्डरला मत दिलं. त्याची ऑफर सर्वांत मोठी नव्हती. 35 चौरस मीटरचा मूळ हक्क, त्यावर 35 टक्के फंजिबल (एफएसआयच्या वर मिळणारं जादा क्षेत्र), म्हणजे 508 फूट, आणि विक्रीच्या हिश्शातून थोडं देऊन 550. दुसरा एक जण 610 सांगत होता. त्याच्या दोन चालू साइटवर आम्ही रविवारी गेलो. एका ठिकाणी वॉचमन होता, काम नव्हतं.

मग कोविड आला आणि सगळं थिजलं. जानेवारी 2021 मध्ये सरकारनं बांधकाम क्षेत्राला उठवायला प्रीमियममध्ये 50 टक्के सूट दिली, 31 डिसेंबर 2021 पर्यंत. अट अशी की विक्रीच्या घरांची स्टॅम्प ड्युटी विकासकानं भरायची. आता घाई बिल्डरला झाली. करारावर सह्या करा, दिवाळीपर्यंत खोल्या खाली करा, पैसे सवलतीत भरू, तुम्हाला 20 फूट वाढवून देतो.

हा दुसरा कळीचा क्षण. 20 फूट म्हणजे एका कपाटाची जागा, आणि 220 फुटांत राहणाऱ्याला कपाटाची किंमत विचारू नका. कमिटी दुभंगली. तेव्हा सभेत एका बाईंनी एकच शब्द उच्चारला: “पत्राचाळ.” गोरेगावच्या सिद्धार्थनगरातली 672 कुटुंबं. 2008 मध्ये करार, घरं रिकामी, मग भाडं बंद, मग पुढची कित्येक वर्षं नुसती वाट पाहणं. म्हाडा वसाहतीतल्या सभेत या शब्दाला पुरावा लागत नाही.

ठरलं असं: करारावर सही करू, बिल्डरनं सवलतीत प्रीमियम भरावा, पण खोली खाली होणार ती सीसी, म्हणजे बांधकामाचा दाखला, हातात आल्यावर. 79 अ च्या निर्देशांत प्रकल्पखर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटीची अपेक्षा आहे. ती पूर्ण द्यायला बिल्डर तयार नव्हता. तडजोड झाली: अकरा महिन्यांचं भाडं आगाऊ, पुढच्या तेरा महिन्यांचे पुढच्या तारखांचे चेक, दलाली आणि सामान हलवायचा खर्च वेगळा, आणि विक्रीतले दोन फ्लॅट सोसायटीच्या नावे अडकवलेले. ही तडजोड बरोबर होती असं मला अजूनही वाटतं. 20 फूट मिळाले नाहीत. त्याबद्दल दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ आजही माझ्याशी बोलत नाहीत.

2022 च्या उन्हाळ्यात इमारत खाली झाली. सगळ्यांना जवळच भाड्यानं घर हवं होतं, मुलांच्या शाळेसाठी. त्याच वर्षी वसाहतीतल्या आणखी काही इमारतीही खाली होत होत्या. आठ-दहा गल्ल्यांत एकदम शेकडो कुटुंबं खोल्या शोधू लागली की दलाल काय करतो ते सांगायला नको. करारातलं भाडं सहीच्या वेळच्या भावानं लिहिलं होतं. फरक प्रत्येकानं खिशातून भरला.

काय निष्पन्न झालं

ओसी, म्हणजे राहायला जाण्याचा दाखला, 2025 च्या सुरुवातीला मिळाली. कबूल केले होते 24 महिने, लागले जवळपास तीन वर्षं. शेवटच्या सात महिन्यांचं भाडं उशिरा का होईना, पण आलं. मुंबईच्या मानानं हा यशस्वी प्रकल्प आहे आणि मी तो तसाच सांगतो.

चावी मिळाली त्या दिवशी तळमजल्यावरच्या आजी सोबत शिंप्याची टेप घेऊन आल्या होत्या. आधी स्वयंपाकाचा ओटा मोजला, मग बाल्कनीचं दार. करारातला आकडा त्यांना तोंडपाठ होता. तो जुळल्यावर त्यांनी टेप गुंडाळली आणि विचारलं, मेंटेनन्स किती? जुन्या इमारतीत काही शे रुपये होता. आता दोन लिफ्ट, पंप, वॉचमन, आग विझवायची यंत्रणा. कित्येक पट झाला. 40 पैकी सहा जणांनी वर्षाच्या आत घर विकायला काढलं. त्यातल्या दोघांचं कारण मेंटेनन्स हेच होतं.

आता शहराच्या बाजूनं पाहू. या भूखंडावर पूर्वी 40 छोटी घरं होती. आता 40 मध्यम घरं आणि त्यांच्यावरच्या मजल्यांवर विक्रीची, जी घ्यायला कोटीच्या पुढे जावं लागतं. अल्प उत्पन्न गटासाठी नवं घर: शून्य. म्हाडाला प्रीमियमचे पैसे मिळाले. त्या पैशांतून घरं बांधायची तर जमीन हवी, आणि तीच मुंबईत नाही. ऑगस्ट 2023 च्या मुंबईतल्या सोडतीत 4,082 घरांसाठी 1 लाख 20 हजारांच्या आसपास अर्ज आले होते. ऑक्टोबर 2024 च्या सोडतीत 2,030 घरांसाठी 1 लाख 13 हजारांवर. एवढी माणसं रांगेत उभी आहेत, आणि वसाहतीतली जमीन तुकड्यातुकड्यानं पैशांत बदलून निघाली आहे.

आणि त्या 11 खोल्यांतले भाडेकरू. त्यांना नोटीसही लागली नाही. मालकांनी फोन करून सांगितलं. दोन कुटुंबं कळव्याला गेली, तीन दिव्याला, एक टिटवाळ्याला, बाकीच्यांचं मला माहीत नाही. स्वयंपाकाचं काम करणारी एक बाई अजून याच वसाहतीत चार घरी येते. पूर्वी पायी यायची, आता पहाटेची लोकल पकडते. शहरातलं सर्वांत स्वस्त भाड्याचं घर कुठल्याच योजनेत मोजलं गेलं नव्हतं, म्हणून ते गेल्याचीही नोंद नाही. माझ्या फीजिबिलिटी रिपोर्टच्या 46 पानांत त्यांचा उल्लेख एकदाही नाही. तो रिपोर्ट मीच लिहिला आहे.

काय वेगळं करता आलं असतं

सोसायटीच्या पातळीवर उत्तर सोपं आहे. 2009 च्या करारात “अठरा महिन्यांत ना-हरकत न मिळाल्यास रद्द” एवढं एक वाक्य असतं, तर दीड वर्ष आणि काही फूट वाचले असते. भाड्याचा आकडा सहीच्या तारखेचा न ठेवता खाली करण्याच्या तारखेच्या बाजारभावाशी बांधायला हवा होता. मेंटेनन्सचा अंदाज मतदानाच्या आधी प्रत्येक घराला लेखी द्यायला हवा होता. आम्ही फुटांबद्दल तासन्‌तास बोललो, महिन्याच्या बिलाबद्दल कोणीच बोललं नाही.

धोरणाच्या पातळीवर ते तितकं सोपं नाही. सगळ्यांकडून घरंच घ्या, असं म्हणणाऱ्यांना मी 2010 ते 2017 ची वर्षं दाखवतो. सात वर्षांत घरंही आली नाहीत आणि जुन्या इमारती आणखी खचल्या. दुसऱ्या बाजूला, 2017 नंतर वेग आला असं म्हणणाऱ्यांना विचारावं लागतं, की कशाचा? परवडणारं घर मागणं सोडून दिल्यावर पुनर्विकास वेगानं झाला, हे खरं तर धोरणाचं यश मोजायचं की अपयश?

मला घोळ त्या रेघेत दिसतो. 3,999 वर काहीच द्यायचं नाही आणि 4,000 वर एकदम घरं, असा नियम केला की माणसं रेघेच्या आत राहतात. हे फक्त म्हाडा वसाहतींत नाही. नोव्हेंबर 2013 पासून दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत 4,000 चौरस मीटर आणि पुढच्या खासगी भूखंडांवर 20 टक्के घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी राखायची अट आहे. तिथेही भूखंड कापून रेघेच्या आत बसवण्याच्या तक्रारी झाल्या आहेत. रेघेऐवजी चढण हवी. दोन इमारती एकत्र आल्या तर थोडं ज्यादा क्षेत्र आणि म्हाडाला मोजकीच घरं. तीन आल्या तर आणखी थोडं. चारच्या चार आल्याशिवाय काहीच नाही, असं नको. आमच्या शेजारी एक इमारत तयार होती. दोघांचा मिळून भूखंड अडीच हजारांच्या आत जात होता, म्हणून त्या जोडीला नियमात काही किंमतच नव्हती.

दुसरं, गट कोणी पाडायचे? चार सेक्रेटरींनी मांडवात बसून ठरवावं ही अपेक्षाच चुकीची होती. वसाहतीचा अभिन्यास नियोजन प्राधिकरणाकडे असतो. टिटबिट भूखंड त्यांचेच, रस्त्यांच्या रुंद्या त्यांनाच माहीत. कुठल्या चार-पाच इमारतींचा गट होतो, त्याला कुठला रस्ता मिळतो, मधल्या चिंधोट्या कोणाला जोडायच्या, हे आधीच नकाशावर जाहीर झालं असतं, तर रस्त्याकडेच्या इमारतीला 70 फुटांची मागणी करायला जागा उरली नसती. सहभागी गटाला चिंधोट्यांची जमीन सवलतीत, एकट्यानं जाणाऱ्याला नाही, एवढं जरी असतं तरी आमच्या पाच बैठकांचा सूर बदलला असता.

भाडेकरूंबद्दल मी अजून चाचपडतो आहे. मे 2025 मध्ये राज्यानं नवं गृहनिर्माण धोरण मंजूर केलं. 2030 पर्यंत दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी 35 लाख घरांचं लक्ष्य त्यात आहे. पुनर्विकासाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत त्या इमारतीत प्रत्यक्ष कोण राहतं याची यादी सक्तीची केली, तर निदान किती स्वस्त घरं पाडली हे त्या 35 लाखांच्या शेजारी मांडता येईल. हक्क देणं पुढची गोष्ट, आणि त्यात मालक-भाडेकरू वादाचं मोहोळ उठेल हेही मला माहीत आहे. आता मी घेतो त्या प्रत्येक कामात ही यादी स्वतःपुरती करतो. ती कोणी मागत नाही.

रस्त्याकडेच्या इमारतीनं गेल्या वर्षी निविदा काढली, एकट्यानं. तिसऱ्या इमारतीत वारसांचा दावा अजून चालू आहे. चौथीचं प्लिंथपर्यंत काम झालं आहे. मधल्या तिरक्या पट्टीला आता दोन्ही बाजूंनी कंपाउंडच्या भिंती लागल्या आहेत आणि तिथे पंधरा-वीस स्कूटर उभ्या असतात. तिथे कोणाच्या लावायच्या, यावरून दोन सोसायट्यांत पत्रव्यवहार सुरू आहे.